नळीखालची दोन अक्षरं

२७ डिसेंबर १८७०ची संध्याकाळ. माद्रिदमध्ये बर्फ पडत होता. स्पेनचे पंतप्रधान जनरल हुआन प्रिम संसदेतून बग्गीनं घरी निघाले होते. एका अरुंद रस्त्यात त्यांची वाट अडवली गेली, बग्गीच्या काचा फुटल्या, बार उडाले. तीन दिवसांनी, ३० तारखेला, जनरल गेले. त्यांच्यासाठी पुढे जी शवपेटी घडवली गेली ती लोखंडाची आहे आणि तिच्यावर सोन्याचांदीची तार ठोकून नक्षी उठवलेली आहे. काम १८७५चं. प्रिम यांच्या जन्मगावी, रेउसला, ती आज पाहायला मिळते. घडवणाऱ्याचं नाव प्लासिदो सुलोआगा. गाव एइबार, स्पेनच्या बास्क मुलखातलं. घराणं बंदुका घडवणाऱ्यांचं.

गोळ्या लागून गेलेल्या माणसाची अखेरची पेटी बंदुका सजवणाऱ्या हातांनी घडवली, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पुढचं पान उलटवेना. छिन्नी तीच, हातोडी तीच, तारही तीच. शिकारीच्या बंदुकीवर जी वेलबुट्टी उठली असती तीच इथे मृताच्या उशापायथ्याशी उठली. मग त्या हातांना आपण कुठल्या खात्यात मांडायचं?

एकोणिसाव्या शतकात युरोपात, अमेरिकेत आणि आपल्याकडेही ज्या शोभिवंत बंदुका आणि पिस्तुलं घडली त्यांच्याकडे बघायच्या आपल्या दोनच तऱ्हा आहेत. कुणाला ती राजेरजवाड्यांची मिरवायची चीज वाटते, कुणाला जीव घेणारं हत्यार. दोन्ही खरं आहे. पण या दोन्ही तऱ्हांत घडवणारा माणूस कुठेच येत नाही. माझं म्हणणं असं की या वस्तूंची पहिली नोंद कारागिराच्या नावावर व्हायला हवी. संग्रहालयाच्या पाटीवर व्हायला हवी आणि सरकारी रजिस्टरातही व्हायला हवी. मालकाचं नाव, संस्थानाचं नाव, भेट देणाऱ्याचं नाव त्यानंतर यावं. तसं न केल्यामुळे आपण फार मोठी विद्या डोळ्यांदेखत घालवत आहोत.

महाराष्ट्रातल्याच एका संग्रहालयात मी ही गोष्ट अनुभवली. काचेच्या कपाटात सात-आठ बंदुका ओळीनं उभ्या होत्या. खाली पाटी : ‘बंदूक, १९वे शतक, संस्थानकडून भेट’. सगळ्या बंदुकांना मिळून ती एकच पाटी. मी काचेला नाक लावून वाकलो. तिसऱ्या बंदुकीच्या घोड्याजवळ, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, एक शिकारी कुत्रा पक्ष्यामागे धावत होता. त्याच्या शेपटीचा केस न्‌ केस वेगळा कोरलेला. कुत्र्याच्या पायाखाली गवताची पाती होती आणि ती एका बाजूला झुकलेली होती, म्हणजे कोरणाऱ्यानं वाऱ्याची दिशासुद्धा ठरवली होती. पोलादावर, भिंगाखाली, छिन्नीच्या टोकानं. हे करायला त्याला किती दिवस लागले असतील? आणि शेजारून जाणारी शाळेची रांग ‘बंदूक, बंदूक’ असं म्हणत पुढच्या तोफेकडे गेली. मुलांचा काही दोष नाही. पाटीनं त्यांना थांबायला सांगितलंच नव्हतं.

पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्य घालवून जे संग्रहालय उभं केलं तिथलं वातावरण मला नेहमी वेगळं वाटतं. ते कविता ‘अज्ञातवासी’ या नावानं लिहीत, आणि त्यांनी जमवल्या त्या वस्तूही बहुतेक अज्ञात हातांच्याच : दिवे, अडकित्ते, दौती, कुलपं. तिथला अडकित्ता पाहताना तो कुठल्या सरदाराच्या पानदानातला होता हे आपल्या मनात येत नाही. हा आकार कुणाला सुचला असेल, हेच आधी येतं. अडकित्त्याला आपण जो न्याय देतो तो बंदुकीला का देत नाही? तीही कुणीतरी मांडी घालून, डोळे बारीक करून घडवलेलीच वस्तू आहे.

सुलोआगांचं काम नेमकं कसं चालायचं ते सांगतो, कारण त्याशिवाय माझ्या आग्रहाला अर्थ नाही. प्लासिदोचे वडील एउसेबियो माद्रिदच्या राजघराण्याच्या शस्त्रागारात जुनी चिलखतं दुरुस्त करत. सोळाव्या शतकातल्या चिलखतांवरची सोन्याची नक्षी बघून, ती कशी बसवली असेल याचा माग काढत, त्यांनी विसरत चाललेली पद्धत पुन्हा हाताला आणली. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यांच्या बंदुका मांडलेल्या होत्या. मुलानं ती पद्धत आणखी पुढे नेली.

आधी पोलादावर धारदार पात्यानं अगदी लागून लागून रेघा ओढायच्या. मग त्यांना छेदणाऱ्या रेघा, आणि मग तिरक्या, तिसऱ्या दिशेनं. पृष्ठभाग बारीक कानशीसारखा खरखरीत होतो, बोट फिरवलं तर कातडीला पकडतो. त्यावर केसासारखी सोन्याची तार नक्षीच्या रेषेवर धरायची आणि हलक्या हातोडीनं ठोकत ठोकत पुढे सरकायचं. रेघांच्या कडांना जे सूक्ष्म दात उठलेले असतात ते मऊ सोन्याला चावून धरतात. झाळकाम नाही, गोंद नाही, मुलामा नाही. नक्षी भरून झाली की ती घोटायची आणि मोकळं राहिलेलं पोलाद काळं करायचं. त्या काळ्यावर सोनं उठून दिसतं. तार बसवताना हात एकदा चुकला तर ती उपटता येते, पण खालचे दात मोडलेले असतात. तिथे पुन्हा रेघा ओढाव्या लागतात आणि त्या आजूबाजूच्या रेघांशी जुळाव्या लागतात.

हे वाचताना ज्याला आपली कोफ्तगिरी, म्हणजे पोलादावर सोन्याची तार ठोकायची आपल्याकडची कला, आठवली नाही असा जाणकार विरळा. पद्धत तीच आहे. उदयपूरला एका कारागिराच्या ओट्यावर मी दीड तास बसून खंजिराच्या मुठीवरचं हे काम पाहिलं आहे. दीड तासात दोन पाकळ्या झाल्या. मधेच तो थांबायचा, मूठ उजेडाकडे तिरकी धरायचा, फुंकर मारायचा आणि पुन्हा ठक-ठक-ठक. त्याच्या डाव्या अंगठ्याच्या पेराला घट्टा पडला होता, तार दाबून दाबून. एइबारच्या कारागिराच्याही अंगठ्याला असाच घट्टा असणार याबद्दल मला शंका नाही.

वर बसवलेल्या सोन्यापेक्षाही मला त्या काळातल्या नळ्यांचं अप्रूप जास्त आहे. बेल्जियमच्या लिएज शहराजवळ, वेद्र नदीच्या खोऱ्यात, गावंच्या गावं नळ्या घडवत. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकाआड एक रचायच्या, तापवून ठोकून एकजीव करायच्या आणि त्यांची कांब ओढायची. ती लाल झालेली कांब दोरीला पीळ द्यावा तशी पिळायची. अशा पिळाच्या दोन-तीन कांबी शेजारी ठेवून पुन्हा ठोकून जोडायच्या आणि पट्टी करायची. ती पट्टी लोखंडी गजाभोवती, काठीला दोरी गुंडाळावी तशी, गुंडाळत न्यायची आणि प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्याशी भट्टीत जुळवायचा. मग आतून भोक पाडायचं, बाहेरून कानशीनं उतरवायचं, शेवटी आम्लाचा हात द्यायचा. लोखंड आणि पोलाद आम्लाला वेगवेगळ्या तऱ्हेनं साद देतात, म्हणून पिळाची सगळी वळणं वर येतात : कुठे भोवरे, कुठे लाटा, कुठे मोरपिसाच्या डोळ्यासारखी वर्तुळं. ही नक्षी कुणी वरून काढलेली नाही. धातू कसा पिळला, कसा गुंडाळला याचा तो उमटलेला हिशोब आहे. एक वेढा नीट जुळला नाही तर नळी फुटून बंदूक चालवणाऱ्याचा हात जाणार, त्यामुळे इथे सौंदर्य आणि जबाबदारी एकाच ठोक्यात होती.

दस्त्याचं, म्हणजे बंदुकीच्या लाकडी अंगाचं, कामही असंच. लंडनच्या चांगल्या दुकानांत नळी करणारा वेगळा, खटका, म्हणजे बार पेटवणारी यंत्रणा, करणारा वेगळा, दस्ता बसवणारा वेगळा, कोरणारा वेगळा. दस्तेवाला अक्रोडाच्या लाकडात पोलादी खटका बसवताना त्या खटक्याला दिव्याची काजळी लावायचा, लाकडात दाबून उचलायचा आणि जिथे काळं उमटलं तिथेच वाळूच्या कणाएवढं लाकूड खरवडायचा. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं. काजळी सगळीकडे सारखी उमटेपर्यंत हे चालायचं. नंतर तो सांधा कधी उघडला जात नाही, कुणाला दिसतही नाही. न दिसणाऱ्या जागी इतकी सचोटी ठेवणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला ठाऊक नसावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि हे सगळं घडलं ते नेमक्या उलथापालथीच्या काळात. १८०७ साली स्कॉटलंडच्या एका पाद्र्यानं, अलेक्झांडर फोर्सिथनं, चकमकीच्या ठिणगीऐवजी आघातानं पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं आणि शतकानुशतकांची चकमकीची बंदूक मागे पडायला लागली. पुढे नळीच्या तोंडातून ठासायची गरजच संपली. मागून उघडणारी, काडतुसाची बंदूक आली. १८५१च्या त्याच प्रदर्शनात अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टनं यंत्रावर निघालेली रिव्हॉल्व्हरं मांडली, आणि पुढे लंडनमध्येच कारखानाही काढला. भाग यंत्रानं होऊ लागल्यावर हाताला उरला तो फक्त वरचा पृष्ठभाग. शतकाच्या अखेरीस धूर न होणारी जोरकस दारू आली तेव्हा पिळाच्या नळ्याही धोक्याच्या ठरू लागल्या आणि एकसंध पोलादाच्या नळीनं त्यांची जागा घेतली. एखादी विद्या शिखरावर असतानाच तिच्या खालची जमीन सरकावी, असं हे शतक होतं. तेव्हाच्या उत्तम बंदुकीवर इतकं काम दिसतं त्याचं एक कारण मला हे वाटतं : उरलेल्या जागेत हातानं आपलं सगळं ओतलं.

आता माझ्यावर येणारा आक्षेप, आणि तो हलका नाही. ही कारागिरी कशासाठी राबली? इंग्लंडचे दुसरे मार्क्वेस ऑफ रिपन, म्हणजे आपल्याकडे ज्यांचं नाव आदरानं घेतलं जातं त्या व्हाइसरॉय रिपन यांचे चिरंजीव, हे त्या काळचे नामांकित नेमबाज. त्यांच्या हातात लंडनच्या पर्डी या बंदूकवाल्यांच्या सुरेख बंदुका असत आणि आयुष्यभरात टिपलेल्या पशुपक्ष्यांची त्यांची नोंद साडेपाच लाखांच्या वर जाते. साडेपाच लाख! हा आकडा समोर ठेवून सोन्याच्या वेलबुट्टीचं कौतुक कसं करायचं? दुसरीकडे कोल्ट. त्याच्या कारखान्यात घडलेलं, सोन्यानं मढवलेलं, जॉर्ज वॉशिंग्टनची छबी असलेलं एक रिव्हॉल्व्हर त्यानं तुर्कस्तानच्या सुलतान अब्दुलमजीदला भेट दिलं. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. रशियाच्या झारलाही असंच नजर केलं. युद्धाचे ढग जमत असताना दोन्ही बाजूंना सारखीच देखणी भेट, म्हणजे दोन्हीकडून मागणी येईल. पेटंटची मुदत वाढवून घेण्यासाठी त्यानं लोकप्रतिनिधींना पिस्तुलं वाटल्याची चौकशी अमेरिकेच्या संसदेनं १८५४ साली केली. नक्षी इथे नजराणा होती, आणि नजराण्यामागचा हेतू लपलेला नव्हता.

हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. माझं म्हणणं एवढंच की तो पाटीवर लिहा. रिपन यांचा आकडा लिहा, कोल्टची चौकशी लिहा, बंदूक कुठल्या संस्थानात कशाच्या बदल्यात आली ते लिहा. पण त्या हिशोबात कोरणाऱ्याला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभं करू नका आणि त्याला पुसूनही टाकू नका. देवळाचा खांब कोरणारा पाथरवट ज्या राजाच्या खजिन्यातून मजुरी घेत होता त्या खजिन्यातला पैसाही लुटीचा असू शकतो. तरी आपण तो खांब बघताना पाथरवटाला विसरत नाही. शस्त्राच्या बाबतीत मात्र वापरणाऱ्याचं पाप घडवणाऱ्याच्या माथी मारून आपण मोकळे होतो, कारण त्यानं आपल्याला बघण्याचे कष्ट वाचतात.

कारागिराचं नाव हरवण्याची व्यवस्थाही त्याच काळात बसवली गेली होती. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या कारखान्यात निकोला-नोएल बूते यांच्या देखरेखीखाली नेपोलियनच्या भेटींसाठी अप्रतिम बंदुका आणि पिस्तुलं घडली. त्यांच्यावर नाव येतं बूते यांचं, ‘संचालक-कलावंत’ या पदवीसकट. बूते थोर होतेच. पण त्या नावाच्या मागे शेकडो हात होते : चांदी ओतणारे, नळ्या निळ्या करणारे, आबनूस कोरणारे. १८१५ साली प्रशियन सैन्यानं तो कारखाना लुटला, आणि ते हात पांगले. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरवर कोल्टचं नाव, पर्डीच्या बंदुकीवर पर्डीचं. दुकानाचं नाव राहिलं, हात गेले.

याला एक अपवाद मला फार प्रिय आहे. जर्मनीतून न्यूयॉर्कला आलेला लुई डॅनियल निम्श्के हा कोरणारा. बंदूक गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तो आपल्या कोरीव कामाचा ठसा कागदावर उतरवून घ्यायचा आणि वहीत चिकटवायचा. वर्षानुवर्षं. १९०४ साली तो गेला, वही मात्र राहिली. आज अभ्यासक कुठल्या तरी संग्रहातली निनावी बंदूक उचलतात, त्या वहीतल्या ठशाशी पडताळतात आणि सांगतात, हे निम्श्केचं. दुकानानं नोंद ठेवली नाही म्हणून त्यानं स्वतःच ठेवली. आपल्या तांबट आळीतल्या एखाद्या कारागिरानं आपल्या मठारकामाचे ठसे असे जपून ठेवले असते तर आज पुण्याचा केवढा इतिहास हाती आला असता.

आपल्याकडे काय झालं? १८४९ साली पंजाब इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि शीख दरबाराच्या आश्रयावर तलवारी, ढाली, बंदुका सजवणारे सियालकोटकडचे कोफ्तगर एकदम पोरके झाले. त्यांनी तीच सोन्याची तार तबकांवर, दौतींवर, कागद कापायच्या सुऱ्यांवर ठोकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक आता साहेब होता. मुंबईच्या भायखळ्याच्या संग्रहालयाशी निगडित असलेले जॉर्ज बर्डवूड यांच्यासारख्या इंग्रजांनी हिंदुस्थानी कारागिरीची आस्थेनं वाखाणणी केली, आणि जे. जे. स्कूलमध्ये शिकवून पुढे लाहोरला गेलेले जॉन लॉकवुड किपलिंग यांनी पंजाबच्या कारागिरांची कामं प्रदर्शनांपर्यंत पोचवली. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण ज्या राज्यानं ही कौतुकं केली त्याच राज्यानं १८७८ साली शस्त्रकायदा आणला आणि परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं हिंदी माणसाला गुन्हा ठरवलं. युरोपीयांना त्यातून सूट होती, आणि काँग्रेसनं या भेदाविरुद्ध वर्षानुवर्षं ठराव केले. या लढ्यात आपण स्वाभिमानाची बाजू पाहिली, ती योग्यच. पण त्या कायद्यानं रोजी गेलेल्या हातांकडे फारसं कुणी पाहिलं नाही. आपल्याकडे शिकलगार आहेत. शस्त्राला धार आणि पाणी देणं ही त्यांची पिढीजात विद्या. आज आठवडी बाजारात विळे-सुऱ्यांना धार लावणाऱ्या शिकलगाराच्या हाताची सफाई जरा थांबून बघा. चाकाला सुरी टेकवताना तो कोन डोळ्यानं ठरवत नाही, मनगटानं ठरवतो.

जिथे हातांकडे पाहिलं गेलं तिथे वेगळं घडलं. एइबारमध्ये बंदुकीचा धंदा मंदावला तेव्हा तिथले लोक त्याच कौशल्यावर दुसरीकडे वळले. १८४०पासून शस्त्रं करणारी ओर्बेआ ही कंपनी विसाव्या शतकात सायकली करू लागली आणि आजही करते. नळी ओढणाऱ्यांनी सायकलीच्या नळ्या ओढल्या. कुणी शिवणयंत्रांकडे गेलं. गावानं शस्त्रकारागिरीची शाळा काढली आणि आज तिथे शस्त्र-उद्योगाचं संग्रहालयही आहे. ऑस्ट्रियात फेर्लाखला १८७८पासून शाळा आहे. बेल्जियमच्या लिएजमध्ये कोरीव काम अजून शिकवलं जातं. योगायोग पाहा, १८७८ हे एकच साल. तिकडे त्या साली शाळा उघडली, इकडे कायदा आला. या शाळांतून बाहेर पडणारी मुलं सगळी बंदुकाच कोरतात असं नाही. कुणी घड्याळं कोरतं, कुणी दागिने. विद्या जिवंत ठेवली की तिला नवी कामं सापडतात.

म्हणून माझा आग्रह कायद्यापाशी येऊन थांबतो. परवाना असावा, कडक असावा, याबद्दल माझा वाद नाही. जितकी कमी शस्त्रं तितकं बरं, असंच मला वाटतं. पण जुन्या वस्तूंची आज जी अवस्था होते ती बघवत नाही. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू ही पुरावस्तू ठरते. १९५९च्या शस्त्रकायद्यातून जुनी बंदूक वगळली जाते ती मात्र दुरुस्त करूनही उडणार नाही अशी असेल तरच. म्हणजे १८९०ची एखादी पिळाच्या नळीची बंदूक घरात राहायची तर परवाना हवा, नाहीतर तिची नळी बुजवून, खटका मोडून तिला निकामी करायला हवं. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशानं आलेल्या धरून. वाड्यांवाड्यांतून, इनामदारांच्या माळ्यांवरून कितीतरी बंदुका त्यामुळे जमा होतात, आणि जमा झाल्यावर त्यांच्याकडे कुणी कारागिरी म्हणून बघत नाही. माझी मागणी साधी आहे. शंभर वर्षांहून जुनी वाटणारी बंदूक जमा झाली की ती नष्ट करण्याआधी किंवा निकामी करण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या जाणत्या माणसानं एकदा बघावी. नळ्या उतरवून, खटका उघडून फोटो काढावेत, आतल्या खुणा नोंदवाव्यात. चांगली असेल तर जवळच्या संग्रहालयात पाठवावी आणि तिथे कोरीव काम शिकणाऱ्या मुलांना, कोफ्तगरांना, बिदरीच्या कारागिरांना ती हातात घेऊन पाहू द्यावी. यात कुणाच्या सुरक्षेला धक्का लागत नाही. खर्च फोटोंचा आणि अर्ध्या दिवसाचा आहे.

हे मी ऐकीव गोष्टींवरून लिहीत नाही. माझ्या आजोळी आजोबांची बारा बोअरची दुनळी होती. लहानपणी ती मला सापासारखी वाटायची, कारण तिच्या नळ्यांवर कात टाकल्यासारखी वळणं होती. आजोबा गेल्यावर परवाना कुणी आपल्या नावावर करून घेतला नाही, आणि मामा ती पोलीस ठाण्यात जमा करायला निघाले तेव्हा मी सोबत गेलो. जमा करण्याआधी त्यांनी शेवटचं म्हणून तेलाचा हात फिरवायला नळ्या दस्त्यापासून उतरवल्या. तोवर मी कधी पाहिली नव्हती ती नळ्यांची खालची बाजू वर आली. तिथे एका लंबवर्तुळात ई, एल, जी ही अक्षरं आणि एक चांदणी : नळी बाराचा जोर सोसते की नाही हे तपासणाऱ्या लिएजच्या चाचणीचा शिक्का. आणि शेजारी, जिथे बंदूक जोडली की कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, दोनच छोटी अक्षरं. नळी घडवणाऱ्यानं ठोकलेली.

ठाण्यात हवालदारांनी सुतळीनं एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. आजोबांचं नाव, परवाना क्रमांक, ‘१२ बोअर, दुनळी, जुनी’. खोलीच्या कोपऱ्यात आधीच्या बंदुकांचा ढीग होता आणि पावसाळ्याची ओल भिंतीवर वर चढत होती. मी विचारलं, या चिठ्ठीवर आणखी दोन अक्षरं लिहिता येतील का? ते म्हणाले, कुणाची? मी नळी उलटी करून त्यांना दाखवली. ते खिडकीकडे गेले, चष्मा कपाळावर सारून बराच वेळ बघत राहिले. त्यांचं बोट त्या अक्षरांवरून दोनदा फिरलं. मग त्यांनी चिठ्ठी पुन्हा हातात घेतली, टेबलावर सपाट केली आणि आजोबांच्या नावाच्या वर, थोडी जागा होती तिथे, ती दोन अक्षरं लिहिली.